कूलर लावताय? आधी घरातल्या लेकरांचं बघा

होळी पेटली की माझा फोन थांबत नाही. कूलर माळ्यावरून उतरवायचे, पाणी झिरपायच्या गवती ताट्या बदलायच्या, पंप चालतो का बघायचं, मोटरला तेल द्यायचं. मार्च ते मे मी महाल, नंदनवन, मानेवाडा, वाठोडा या बाजूला घरोघरी हिंडत असतो, त्यामुळे नागपूरकरांचा उन्हाळा मला आतून दिसतो. बाहेरच्या उन्हाची धास्ती सगळ्यांनाच असते. पोराला दुपट्टा गुंडाळतात, खिशात कांदा घालतात, दुपारी दाराला कडी लावतात. आणि त्याच घरात कूलरच्या बॉडीला करंट उतरलेला असतो, मोरीत टब काठोकाठ भरलेला असतो, अंगणात गाडी लॉक न करता उभी असते. उन्हाचं पथ्य पाळणारे पुष्कळ आहेत. पण गारव्यासाठी आपण जे जे मांडून ठेवतो, त्यापासून लेकरांना काय धोका आहे, हे बघणारे फार कमी. म्हणून आधी ते सांगतो, ऊन नंतर. औषधपाण्याचं जे खाली येईल ते माझ्या बायकोचं. ती आशाताई आहे, आणि वस्तीत माझ्यापेक्षा तिचं जास्त ऐकतात.

कूलरचा करंट

“दादा, लोखंडी कूलरले थोडासा करंट तं येतेच ना!” हे मला दर उन्हाळ्यात ऐकावं लागतं. नाही येत. येता कामा नये. मोठ्या माणसाच्या पायात चप्पल असते, हात कोरडा असतो, त्याला नुसती झिणझिणी जाणवते. तोच करंट ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या चार वर्षांच्या पोराचा जीव घेऊ शकतो. ओली कातडी विजेला फार अडवत नाही, आणि हाताचे स्नायू आखडले की पकड सुटत नाही. कूलरभोवती पाणी तर सांडलेलंच असतं. शिवाय पोरांचा आवडता खेळ कोणता? जाळीला दोन्ही हात लावून पंख्यासमोर “आऽऽऽ” करायचं आणि आवाज कसा थरथरतो ते ऐकायचं.

करंट येतो तो बहुतेक तीन जागांवरून. पहिली जागा पंप. तो पाण्यात बुडालेला असतो, त्याचं सील जातं किंवा त्याच्या वायरचा जोड टेपने गुंडाळून तसाच पाण्यात सोडलेला असतो. दुसरी जागा, वायर जिथून पत्र्याच्या आत शिरते ते भोक. तिथलं रबर पडून गेलेलं असतं आणि कूलर थरथरला की पत्र्याची धार वायर सोलत राहते. तिसरी, जुन्या मोटरचं वाइंडिंग, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं. या तिन्ही गोष्टी होणारच, यंत्र आहे ते. पण अर्थिंग, म्हणजे बॉडीपासून जमिनीत जाणारी वायर, धड असेल तर करंटला जमिनीत जायला वाट मिळते. नेमकी तीच वाट लोक बंद करून ठेवतात. पिन तुटली की अर्थिंगचा तिसरा पाय नसलेली, दोन पायांची पिन लावतात. तीन पायांची लावली तरी अर्थिंगची हिरवी वायर “जास्तीची” म्हणून कापून टाकतात. कुठे सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्यामागे वायरच जोडलेली नसते.

तेव्हा सीझनचं पहिलं बटण दाबण्याआधी हे करून घ्या. सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का, ते वायरमनकडून मीटर लावून तपासा. नळाच्या पाइपाला अर्थिंग बांधू नका. पाइप लोखंडी असला तर बिघाडात करंट शेजारच्याच्या नळापर्यंत जाईल, प्लास्टिकचा असला तर बांधून काहीच उपयोग नाही. पंपाच्या वायरला पाण्यात जोड नको, अख्खी वायर टाका. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट बसवा. आणि घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीकडे गळताच पडणारा स्विच, लावून घ्या. दुकानात अजूनही लोक त्याला ईएलसीबी म्हणतात, तसं मागितलं तरी कळेल. “आमच्याकडे एमसीबी आहे ना” हे उत्तर चालत नाही. एमसीबी जादा लोडला किंवा शॉर्ट सर्किटला पडतो. माणसाच्या अंगातून जो थोडासा करंट जमिनीत जातो, तेवढ्याने तो हलतही नाही. आरसीसीबी तेवढ्यालाच पडतो. त्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबून बघा. दाबल्यावर घरची लाइट गेली पाहिजे. एका नव्या कूलरच्या किमतीपेक्षा हे काम स्वस्तात होतं. घर भाड्याचं असेल आणि मालक ऐकत नसेल, तर निदान कूलरच्या सॉकेटपुरतं तरी करून घ्या.

टेस्टरबद्दल एक शब्द. कूलर आणि पंप दोन्ही चालू करून, रंग उडालेल्या स्क्रूला टेस्टर लावा. पेटला तर कूलर बंद, पिन बाहेर, मेकॅनिकला फोन. नाही पेटला तर मात्र निर्धास्त होऊ नका. दिवसाच्या उजेडात मंद पेटलेला दिसतच नाही, आणि आज ठीक असलेली वायर उद्या सोलली जाऊ शकते.

प्लास्टिकच्या बॉडीचा कूलर बरा, पण त्यालाही मोटर आणि पंप आहेतच, पाणीही तेच. त्यालाही अर्थिंग हवंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. “जा रे, कूलरमध्ये पाणी टाक” हे काम नागपुरात घरातल्या पोराचंच समजलं जातं. हे आजपासून बंद करा. पाणी मोठ्याने भरायचं, तेही आधी स्विच बंद, मग पिन बाहेर, मग पाइप. नुसता स्विच बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये बरेचदा स्विच न्यूट्रलवर असतो, म्हणजे बटण बंद केलं तरी आत फेज, म्हणजे चालू करंटची वायर, हजर. पंप अडकला म्हणून चालू कूलरमध्ये हात घालणारे बाप मी पाहिले आहेत. पोरगं बाजूला उभं राहून बघत असतं, आणि चार दिवसांनी तेच करतं.

कूलरखाली एक्स्टेंशन बोर्ड ठेवू नका. पलंग खिडकीला लावलेला असेल तर दोन हात मागे घ्या, कारण पलंगावर उभं राहिलं की जाळी बरोबर बोटांच्या उंचीला येते. जाळीची फट इतकी बारीक हवी की लहानग्याचं बोट पात्यापर्यंत जाणार नाही.

आणि कोणी चिकटलंच, तर आईचा हात आधी पुढे जातो. तो थांबवा. मेन स्विच पाडा. तो लांब असेल तर कोरडी लाकडी काठी किंवा प्लास्टिकची खुर्ची वापरून पोराला ढकला, तुमच्या पायाखाली कोरडं असू द्या. १०८ ला फोन. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दाब द्यायला लागा, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, ३० दाबांमागे तोंडाने २ श्वास, रुग्णवाहिका येईपर्यंत. शुद्धीवर आलं, हसलं, तरी दवाखान्यात दाखवा. विजेचा धक्का हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतो, ते बाहेरून दिसत नाही.

कूलरची हवा, कूलरचं पाणी

दारं-खिडक्या गच्च लावून कूलर चालवणारी घरं अजून आहेत. कूलर पाणी उडवून हवा गार करतो. ती ओली हवा बाहेर जायला समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं हवंच, नाहीतर तासाभरात खोलीत दमट होतं आणि लेकराच्या मानेवर, काखेत घामोळ्या. झोतासमोर तान्हं बाळ झोपवू नका, थोडं बाजूला घ्या.

टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसा आणि टाकीच्या भिंती घासून एक दिवस कोरडी ठेवा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्याच्या काठाशी अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्याचा हिशोब. घासायचं अशासाठी की ती अंडी कोरड्या पत्र्यालाही महिनोन्‌महिने चिकटून राहतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. कूलरच्या मागची ओल विंचवालाही आवडते, सापालाही. पोरांचा चेंडू कूलरच्या मागे गेला तर तो मोठ्याने काठीने काढायचा.

साठवलेलं पाणी

नळाला ठरावीक वेळी पाणी येतं, म्हणून उन्हाळ्यात घरात टब, ड्रम, बादल्या भरलेल्या. दोन वर्षांच्या आतलं मूल डोक्याकडून जड असतं. बादलीत वाकून पाहताना तोल गेला की त्याला स्वतःहून उठता येत नाही, आणि वीतभर पाणीही त्याला पुरतं. आवाजही होत नाही. ड्रमला घट्ट झाकण, टाक्याच्या झाकणाला कुलूप, आंघोळ झाली की टब पालथा. एवढंच, पण रोज.

मोठ्या पोट्ट्यांचं वेगळं. सुट्टीत दुपारी सायकली काढतात आणि अंबाझरी तलाव, कन्हान नदी, नाहीतर शहराबाहेरच्या बंद पडलेल्या खदानी गाठतात. खदानीचा काठ सरळ तुटलेला असतो. पाय टाकला की एकदम खोल, आणि वर यायला धरायला काही नाही. त्यांना नुसतं “जाऊ नको” म्हणून होत नाही. पोहायचं असेल तर जलतरण तलावावर पैसे भरून शिकवा. आणि एक गोष्ट घोकून घ्या: दोस्त बुडत असेल तर उडी मारायची नाही. दोर, दुपट्टा, फांदी, रिकामी कॅन, जे असेल ते फेकायचं आणि ओरडायचं. एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात, असं दर उन्हाळ्यात पेपरात येतं.

उभी गाडी

जून २०२३ मध्ये आपल्याच नागपुरात तीन लहान मुलं एका उभ्या गाडीत मृत सापडली. त्याआधी ती हरवली म्हणून शोध चालू होता. खेळता खेळता आत शिरली असणार. उन्हातली बंद गाडी दहा मिनिटांत दहा अंशांनी तापू शकते, आणि लहान मुलाचं अंग मोठ्यापेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं. काच बोटभर खाली ठेवल्याने फार फरक पडत नाही. म्हणून घराच्या आवारातही गाडी लॉकच हवी, चावी खिळ्यावर उंच. मोहल्ल्यात कोणाचं मूल दिसेना झालं, तर पाण्याचं टाकं आणि उभ्या गाड्या, या दोन जागा आधी बघा, मग चौकाकडे धावा. आणि पाच मिनिटांचं काम आहे म्हणून झोपलेल्या लेकराला गाडीत ठेवून किराणा दुकानात जायचं नाही.

आता ऊन

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जाणं नवं नाही. २५ मेच्या आसपास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नवतपा, ते नऊ दिवस तर म्हातारे लोक बोटावर मोजतात. लोकांना वाटतं, बाराचं ऊन सर्वांत वाईट. डोक्यावरचं ऊन बाराचंच कडक, पण हवा सर्वांत तापते ती दुपारी तीन-चारच्या सुमाराला. त्यामुळे “आता पाच वाजले, जा खेळायला” हे मे महिन्यात चालत नाही. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर, एवढीच खेळायची वेळ. बागेतली लोखंडी घसरगुंडी तेव्हाही हात लावून बघा, मग पोराला बसवा. स्कूटरची सीट उन्हात तापलेली असेल तर तिच्यावर ओलं फडकं फिरवा. बाहेर न्यायचंच असेल तर पूर्ण बाह्यांचा सुती कपडा, डोक्याला-कानाला दुपट्टा, निघण्याआधी पोटभर पाणी. कांदा खिशात असू द्या. माझी आई अजून माझ्या खिशात घालते आणि मी वाद घालत नाही. पण कांद्याने ऊन लागायचं थांबत नाही, पाण्याने आणि सावलीने थांबतं.

वाळवणाचे दिवस आले की कुरडया-पापडांवर कावळे बसू नयेत म्हणून पोरांना गच्चीवर बसवतात. बसवा, त्यात मजा असते, पण सावलीत आणि फक्त सकाळी. उन्हं चढली की वरून जाळी टाका आणि पोरांना खाली घ्या. रात्री गच्चीवर झोपणार असाल तर कठडा छातीएवढा आहे का बघा. नसेल तर लहान मूल मधोमध, कठड्याकडे नाही.

टिनाच्या छताखाली किंवा थेट स्लॅबखाली राहणाऱ्यांनी स्लॅबवर चुना मारावा, वर हिरवी जाळी ताणावी. खोलीतली हवा ४० अंशांच्या वर गेली की नुसता पंखा गार करत नाही, गरम हवा अंगावर मारून उलट ताप देतो. तेव्हा लेकराचं अंग ओल्या फडक्याने पुसा आणि मग पंखा लावा, किंवा दुपारपुरतं त्याला खालच्या मजल्यावर, शेजारी, कुठल्याही गार खोलीत न्या.

प्यायला काय द्यावं यात बायकोचे नियम सोपे आहेत. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फक्त आईचं दूध, नवतप्यातही वरचं पाणी नाही. दूध जास्त वेळा पाजा आणि आईने पाणी जास्त प्यावं. दिवसात पाच-सहा लंगोट नीट ओले होतात ना, ते बघा. मोठ्या मुलांना तहान लागायची वाट न बघता तासा-दीड तासाने माठातलं पाणी, पातळ ताक, कैरीचं पन्हं, बेलाचं सरबत. टरबूज, डांगर म्हणजे खरबूज, काकडी कापल्या कापल्या खायची. रस्त्यावर कापून ठेवलेल्या फोडी नकोत. बर्फगोळ्याच्या गाडीवर निळसर बर्फ दिसला तर परत फिरा. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून राज्यात २०१८ पासून त्यात निळा रंग घालायचा नियम आहे. पांढरा असला म्हणून तो स्वच्छच असेल असंही नाही. लघवी गडद पिवळी किंवा पाच-सहा तास झालीच नाही, तर पाणी कमी पडतंय.

ओआरएसवरून आमच्या वस्तीत बायकोचे रोज दोन वाद होतात. पहिला, डब्यातलं रंगीत गोड पेय म्हणजे ओआरएस नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला बंदी घातली. जुलाब लागलेल्या पोराला जास्त साखरेचं पेय दिलं तर जुलाब वाढतात. घ्यायची ती जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी. दुसरा वाद मापाचा. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात, छोटी २०० मिलीत. ग्लासात अर्धी पुडी, चवीला अजून साखर, असं करायचं नाही. कालवलेलं पाणी २४ तासांत संपवा, उरलेलं फेका. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिली, मोठ्याला १०० ते २०० मिली, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी हळू. पुडी मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. आशाताईकडे पुड्या फुकट मिळतात, मागायला लाजू नका.

ऊन लागल्याची पहिली खूण बरेचदा चिडचिड असते. मग डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे. मुलाला सावलीत आणा, कपडे सैल करा, अंग ओलं करा, घोट घोट पाणी द्या. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही, किंवा मूल बरळायला लागलं, ग्लानीत गेलं, झटके आले, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात समजा. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही, असं समजू नका. खेळता खेळता लागलेल्या उन्हात घाम असू शकतो. तापाची गोळी इथे कामाची नाही. ग्लानीत असलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाईल. अंगावर पाणी टाका, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवा, आणि हे सगळं करत करतच मेडिकल, मेयो या सरकारी दवाखान्यांपैकी जे जवळ असेल तिथे न्या. गार करायला आधी लागा, वाटेतही थांबू नका. रुग्णवाहिकेची वाट बघत असाल तरी पाणी टाकणं थांबवू नका.

जूनच्या पहिल्या सरी आल्या की कूलरची हवा चिकट होते, कारण हवेतच ओल असते आणि घाम वाळत नाही. पारा ३८ वर आला तरी त्या दिवसांत मुलांना ऊन लागतं, म्हणून पाणी आणि सावलीचं पथ्य तेव्हाही चालू ठेवा. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात ते काही उगाच नाही. कूलरचा पंप मात्र बंद करा आणि नुसता पंखा चालवा. पाऊस लागला की मला बोलवायचीही गरज नाही. पिन काढा, टाकी उपसून ब्रशने घासा, उन्हात दोन दिवस वाळू द्या, जुन्या ताट्या फेकून द्या. वायर गुंडाळून वरच्या बाजूला बांधा, लोंबती ठेवू नका. माळ्यावर जागा नसेल आणि कूलर अंगणातच राहणार असेल, तर त्याचं तोंड भिंतीकडे करा आणि उघड्या बाजूला पत्रा बांधून टाका. लपाछपीत पोट्टे पहिले तिथेच शिरतात.